बुडालेल्या जमिनीवरचा गळ : प्रस्तावना

उजनी धरण काठोकाठ भरले की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर असते. उपयुक्त साठा संपून धरण ‘शून्य टक्क्यां’वर आले की ती ४९१.०३ मीटर होते. सोलापूर जिल्ह्यातला माणूस हे आकडे वर्तमानपत्रात रोज वाचतो. ऊस जगेल का, नळाला किती दिवसांआड पाणी येईल, रब्बीला आवर्तन मिळेल का, हे सगळे त्यांच्यावर ठरते. दोन्ही आकडे शेजारी मांडून वजाबाकी मात्र फारसे कुणी करत नाही. केली, तर उत्तर सहा मीटरांच्याही आत येते. सुमारे ११७ टीएमसीच्या या अवाढव्य धरणातले ५३ टीएमसीच्या आसपास पाणी एवढ्या पातळ थरात मावते, कारण भीमेचे खोरे इथे पसरट आहे. उरलेले मृत साठ्यात जाते.

हा थर ज्या जमिनीवर चढतो आणि जिच्यावरून उतरतो, ती जमीन या पुस्तकाचा खरा विषय आहे. वरकरणी पुस्तक मासेमारीचे आहे, तेही परक्या तऱ्हेच्या: क्रँकबेट नावाच्या नकली माशाने गळ खेळण्याचे. ही तऱ्हा अमेरिकेत बास या माशासाठी घडली आणि तिथे तिच्यावर कपाटे भरतील इतके लिहून झाले आहे. मराठीत तिच्याविषयी लिहायचे म्हटले की वाचक लगेच विचारणार, आमच्या पाण्यात बास नाही, मग सोलापूरला याचे काय? प्रश्न रास्त आहे. थोडक्यात सांगायचे तर, क्रँकबेट साधारण हातभर खोलीपासून सहा मीटरपर्यंत काम करतो. उजनीची जी जमीन उन्हाळ्यात उघडी पडते आणि दिवाळीला पाण्याखाली असते, तेवढीच याची हद्द. पुढची सगळी प्रकरणे या योगायोगाभोवती फिरतात.

आधी वस्तू समजून घेऊ. क्रँकबेट म्हणजे बोटाएवढा किंवा थोडा मोठा, लाकडाचा वा पोकळ प्लास्टिकचा मासा. पोटाखाली आणि शेपटीला तिहेरी गळ. नाकाखाली पुढे आलेली एक चपटी पट्टी असते, तिला ओठ म्हणतात. स्थिर असताना हा मासा बहुधा तरंगतो. रीळ फिरवून दोरा ओढला की समोरचे पाणी ओठावर आदळते, नाक खाली दाबले जाते आणि तो बुडी मारतो. पाणी ओठाच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सोडत निसटते, म्हणून अंग डावी-उजवीकडे हलत राहते. ओढणे थांबवले की तो आपला वर येतो. ओठ लांब आणि अंगाच्या रेषेत असेल तर बुडी खोल जाते. आखूड आणि उभा असेल तर मासा हातभर पाण्यातच फडफडतो. जाड दोऱ्याला पाण्याचा अडथळा जास्त होतो आणि खोली घटते. फेक आखूड पडली तर पूर्ण खोली गाठायच्या आतच काठ येतो. डब्यावर पाच मीटर छापलेले असते आणि मासा दोन मीटरांखाली गेलेलाच नसतो, ही नवशिक्यांची नेहमीची फसगत. ती कारखानदाराच्या माथी मारण्याआधी आपली फेक मोजावी.

आता त्याहून महत्त्वाचे. क्रँकबेट मोकळ्या पाण्यातून नुसता ओढून आणला तर तो निम्मा वाया गेला. तो कशाला तरी धडकला पाहिजे: दगडाला, बुंध्याला, बांधाच्या कडेला. ओठ पुढे असल्यामुळे धडक तो झेलतो आणि मागचे गळ बहुतेक वेळा अडकत नाहीत. मासा अडखळतो, कलतो, एका बाजूला उसळतो. मागे येणारा शिकारी मासा तोंड घालतो तो बहुधा त्याच क्षणी. शिकारी माशाला धडधाकट भक्ष्यामागे धावण्यात ताकद घालवायची नसते. ज्याची चाल बिघडली, ज्याचा तोल गेला, त्याच्यावर तो झेपावतो. धडकेची खबर दोऱ्यातून काठीत आणि काठीतून मनगटात येते. चिखल असेल तर ओढ जड होते, मुरमावर खरखर लागते, खडकावर ठक्क होते, शेवाळात थरथर मंदावत थांबते. काळोखात चालणाऱ्याच्या हातातल्या काठीचे काम हा मासा करतो. माझ्या मते त्याची खरी किंमत इथे आहे. मासा लागला तर उत्तम. न लागला तरी तळ वाचून होतो.

या लाकडी माशांची घराणी तशी अलीकडची. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डोवाजियाक गावी जेम्स हेडन नावाचा मधमाश्या पाळणारा गृहस्थ होता. त्याने सहज तासलेला लाकडाचा तुकडा गिरणीच्या तळ्यात टाकला आणि बासने त्याच्यावर झडप घातली, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट कितपत खरी हे बाजूला ठेवू; १८९० च्या दशकात हेडन लाकडी आमिषे बनवू लागला आणि त्यातून मोठा कारखाना उभा राहिला, एवढे पक्के. फिनलंडमध्ये लौरी रापाला हा गरीब कोळी तळ्यात तासन्‌तास पाहत बसे. थव्यातला जो मासा जरा तिरका पोहतो, त्यालाच मोठा मासा उचलतो, हे त्याने हेरले. १९३६ मध्ये त्याने बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लेप दिला. पोटापाण्यासाठी केलेली ही खटपट पुढे जगभर विकली गेली. टेनेसीतल्या ओक रिजचा फ्रेड यंग १९६० च्या दशकाच्या अखेरीस बाल्सा लाकडातून गुबगुबीत, आखूड ओठाचे मासे कोरू लागला. भावाच्या नावावरून त्याने या माशाला ‘बिग ओ’ म्हटले. स्पर्धेतले गळवाले तो एकेका दिवसाच्या भाड्याने नेत, असे सांगतात. १९७० च्या दशकात कॉटन कॉर्डेलने तो प्लास्टिकमध्ये काढला आणि आजच्या क्रँकबेटचा साचा रूढ झाला.

टेनेसी हे नाव इथे उगाच आलेले नाही. १९३३ मध्ये टेनेसी खोरे प्राधिकरण स्थापन झाले आणि अमेरिकेच्या त्या भागात धरणांमागून धरणे उभी राहिली. दामोदर खोरे महामंडळ रचताना आपल्याकडे तोच नमुना समोर ठेवला होता. त्या धरणांनी शेते, रस्ते, जंगले पोटात घेतली. संथ पाण्यात, बुडालेल्या झाडांच्या आडोशाने राहणाऱ्या बासला हे पाणी मानवले. रे स्कॉटने १९६७ मध्ये बास पकडण्याची पहिली मोठी स्पर्धा घेतली ती आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर, म्हणजे नुकत्याच बांधलेल्या धरणावर. क्रँकबेट हे नदीचे हत्यार फारसे नाही आणि डोंगरी ओढ्याचे तर नाहीच. ते धरणांच्या काळातले, बुडालेल्या जमिनीवरचे हत्यार आहे.

देशात सर्वाधिक मोठी धरणे असलेल्या महाराष्ट्राला म्हणूनच ते समजायला जड जाऊ नये. माढा तालुक्यातल्या उजनीजवळ भीमेवर १९६९ मध्ये काम सुरू झाले, १९८० मध्ये धरण पुरे झाले आणि जलाशयाला यशवंतसागर नाव मिळाले. करमाळा, इंदापूर, दौंड या तालुक्यांतली काळी जमीन पाण्याखाली गेली. पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ बुडाले आणि आजही पाणी फार ओसरले की ते दिसते, मग फोटो काढायला गर्दी होते. डिकसळचा जुना रेल्वेपूल पाण्यातच राहिला. विहिरी, बांध, बाभळीचे खुंट, घरांचे चौथरे सगळे खाली आहे. अमेरिकेतला गळवाला अशा तळाचा अंदाज घ्यायला हजारो डॉलरचे ध्वनियंत्र होडीवर बसवतो. आपल्याकडे तळ कसा आहे हे सांगणारी माणसे अजून हयात आहेत. त्यांच्या सातबाऱ्यावर तो होता.

तरीही इथे गळ खेळण्याची परंपरा उभी राहिली नाही. ज्यांची जमीन गेली त्यांच्यातले काही आणि पिढीजात भोई-कोळी, हे सगळे पोटासाठी पाण्यावर आले. पोटासाठी जाळे लागते. जलाशयात बीज सोडले गेले ते कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस यांचे, आणि ही मंडळी क्रँकबेटकडे ढुंकूनही पाहत नाहीत. कटला पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू शेवाळ-वनस्पती खातो, मृगळ तळातला गाळ चिवडतो. भिगवणच्या बाजारात ढिगाने दिसणारी चिलापीही मुख्यत्वे शेवाळावर जगते. घरट्याची राखण करताना चिडून तोंड मारते, तेवढेच. तेव्हा उजनीत नकली मासा फेकणाऱ्याने आधी मान्य करावे की पाण्यातले बहुतेक मासे त्याचे गिऱ्हाईक नाहीत.

मग गिऱ्हाईक कोण? मरळ पहिली. ती वर येऊन हवेतून श्वास घेते, गवताच्या कडेला दबा धरते आणि समोरून गेलेली कोणतीही लुसलुशीत गोष्ट गिळते. गावाकडे तिला जिवंत बेडकीवर धरतात. शिवडा हा मिशांचा, रुंद जबड्याचा, रात्री फिरणारा शिकारी. शिंगाडा तळाशी चालतो, म्हणून त्याच्यासाठी खोल जाणारा लांब ओठाचा मासा हवा. वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या बाजूला, वाहत्या पाण्यात खडस आहे, म्हणजे दख्खनचा महसीर. त्याच्यामागे इंग्रज अधिकारी वेडे झाले होते. १८७३ मध्ये मंगळूरला छापलेला एच. एस. थॉमसचा ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ त्या वेडाचा पहिला मोठा दस्तऐवज. टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात लोणावळ्याच्या वळवण धरणाशी खडसाची कृत्रिम पैदास सुरू केली नसती, तर आज त्याची गोष्ट बरीच भूतकाळात सांगावी लागली असती.

बासचा मोह मात्र इथेच संपवून टाकू. नकली मासा आणावा, खरा आणू नये. जपानने १९२५ मध्ये आशी तलावात बास सोडला. तो देशभर पसरला, आणि २००५ मध्ये बाहेरून आलेल्या उपद्रवी जीवांचा कायदा लागू करून त्याला पाळणे, नेणे, सोडणे यावर बंदी घालावी लागली. गंमत अशी की २००९ मध्ये त्याच जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने दहा किलोंहून जड बास पकडला आणि जॉर्ज पेरीच्या १९३२ पासूनच्या अमेरिकी विक्रमाची बरोबरी केली. विक्रम झाला, तळ्यातले मूळचे मासे मात्र गेले ते गेले. आपल्याकडे १९५२ मध्ये आलेली चिलापी, चोरून वाढवला जाणारा आफ्रिकन मांगूर, काचपेटीतून सुटून उजनीपर्यंत पोचलेला सकर मासा, एवढे पाहुणे पुरेत.

पाण्याच्या रंगाविषयी एक प्रकरण पुढे आहेच, पण त्यातला मुद्दा इथे सांगायला हवा, कारण परदेशी पुस्तके इथे सरळ दिशाभूल करतात. त्यातले सल्ले स्वच्छ पाणी गृहीत धरून दिलेले असतात. उजनीत पावसाळ्यात येते ते गढूळ पाणी, आणि वर्षभर येते ते मुळा-मुठेतून पुण्याचे सांडपाणी. उन्हाळ्यात पाणी हिरवे होते, त्याला वास येतो. अशा पाण्यात डोळ्यांपेक्षा माशाची पार्श्वरेषा कामाला येते: अंगाच्या दोन्ही बाजूंनी धावणारी, पाण्यातली मंद कंपने टिपणारी इंद्रियांची रांग. त्यामुळे इथे रंगांच्या वीस छटा बाळगण्यापेक्षा जोरात हलणारा, पोटात छर्रे खुळखुळणारा एक मासा जास्त उपयोगी. रंगांबद्दल तसेही अवडंबर फार आहे. इलिनॉय विद्यापीठातल्या अभ्यासात असे दिसले की बासला लाल आणि हिरवा चांगले वेगळे कळतात, पण पिवळट-हिरवा आणि पांढरा, किंवा निळा आणि काळा यांत त्याची गल्लत होते. दुकानातल्या निम्म्या छटा माणसाला भुलवण्यासाठी असतात. मरळीच्या किंवा शिवड्याच्या डोळ्यांना काय दिसते यावर असे काम इथल्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याने हाती घ्यावे. मोठी प्रयोगशाळा नसली तरी सुरुवात होऊ शकते.

आता थोडे मागे जाऊ, कारण या विद्येला इथे पूर्वज आहेत आणि ते फार लांबचे नाहीत. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने नळदुर्ग, उमरगा मागे टाकले की बसवकल्याणचा फाटा येतो. हे चालुक्यांचे कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. पाच विंशती, प्रत्येकीत वीस, असे शंभर अध्याय. राज्य कसे मिळवावे आणि टिकवावे यापासून हत्ती, रत्ने, चित्रकला, स्वयंपाक, संगीत यांपर्यंत सगळे त्यात आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, ही मराठी साहित्याच्या प्रत्येक इतिहासात येणारी नोंद याच ग्रंथातली. इतिहासकारांनी ती उचलली. शेजारची एक मात्र तशीच राहिली. राजाच्या करमणुकींच्या विंशतीत कुस्त्या, कोंबड्यांच्या झुंजी, ससाण्याची शिकार यांच्या जोडीला ‘मत्स्यविनोद’ आहे, म्हणजे गळाने मासे पकडण्याचा खेळ.

त्यात राजाने तीन डझनांच्या आसपास मासे सांगितले आहेत. समुद्रातले आणि नदीतले वेगळे केले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे वेगळे केले, आकाराने मोठे, मध्यम, लहान असे लावले. कोणत्या माशाला काय खाऊ घालावे हे दिले. काठी, दोरी, गळ, आमिष यांची चर्चा केली. हा सगळा मजकूर पोट भरण्यासाठी लिहिलेला नाही. माशाच्या आवडीनिवडीचा अभ्यास हाच खेळाचा पाया, हे त्याने गृहीत धरले आहे, आणि क्रँकबेटचा अख्खा डोलारा नऊ शतकांनंतर त्याच गृहीतकावर उभा आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी ‘मानसोल्लास’ संपादित केला. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मत्स्यविनोदावर लेख लिहून त्यातले मासे ओळखण्याचा प्रयत्न केला. होरांचे काम मोलाचे, पण ते अखेर ग्रंथालयात बसून केलेले. भीमा-सीनेच्या काठी त्या नावांची पडताळणी व्हायला हवी, आणि ती करायला सोलापूर-बसवकल्याणच्या माणसाइतके सोयीच्या जागी कुणी नाही. इंग्लंडमध्ये गळविद्येचे आद्य पुस्तक म्हणून दाखवतात ते १४९६ मध्ये छापले गेले. सनावळीची फुशारकी मिरवण्याचे कारण नाही. पण मराठी वाचकाने हा विषय उधारीचा समजून सुरुवात करू नये.

दुसरा पूर्वज परका आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खनभर फिरला आणि १८३० च्या दशकाच्या अखेरीस त्याने इथल्या माशांवर निबंध सादर केला. खडस त्याने पुण्याच्या मुळा-मुठेतून शास्त्रात नेला. ‘विगोर्सी’ या नावाने आज ओळखला जाणारा चपटा मासा त्याला पेडगावच्या भीमेत मिळाला, म्हणजे आजच्या उजनीच्या थोडे वर. खुद्री, कोलूस, मुसुल्ला, सींगटी, गूंगवारी अशी नावे त्याने लॅटिनच्या साच्यात बसवली. ती काठावरच्या लोकांकडूनच आली असणार. त्या लोकांपैकी एकाचेही नाव निबंधातून आपल्यापर्यंत आलेले नाही. या पुस्तकात ती चूक टाळण्याचा प्रयत्न आहे, म्हणून माशांच्या सवयींविषयीच्या प्रत्येक प्रकरणात आधी जाळेवाल्यांचे म्हणणे आहे आणि मग छापील ज्ञान. दोन्हींत विरोध आला तिथे मी निकाल दिलेला नाही. फक्त एका ठिकाणी दिला आहे: मरळ पिल्लांना सांभाळते की खाते, या जुन्या वादात. सांभाळते. पिल्लांचा लालसर थवा पृष्ठभागाशी फिरत असतो आणि खाली आईबाप राखण करत असतात. त्या काळात त्यांच्या अंगावर नकली मासा फेकला तर ते नक्की तोंड मारतात, आणि म्हणूनच तेव्हा फेकू नये. राखणदार उचलला की अख्खा थवा इतर माशांच्या पोटात जातो.

यावरून नीतीचा प्रश्न येतो. पंढरपूरच्या जिल्ह्यात बसून मासे पकडण्याचे पुस्तक लिहायचे, यात काहींना विसंगती वाटेल. वाटू द्यावी. विठ्ठलाच्या कानांत मकरकुंडले आहेत, ती मासेच आहेत असे कितीतरी भाविक मानतात, आणि त्याच चंद्रभागेत कोळ्यांची होडी पिढ्यान्‌पिढ्या चालते. देहूच्या डोहात मासे राखले जातात, महाडजवळच्या वाळणकोंडीत देवाचे मासे म्हणून कुणी हात लावत नाही, आणि दोन कोसांवर त्याच नदीत जाळे पडते. आपल्या समाजाने हा प्रश्न एका नियमाने कधी सोडवला नाही, जागा वाटून घेतल्या. माझी भूमिका तीच. राखलेल्या डोहात, तीर्थाच्या घाटावर, पावसाळ्यातल्या विणीच्या काळात गळ बाहेर काढू नये. इतर ठिकाणी खायचा असेल तेवढाच ठेवावा, बाकीचे सोडावेत, आणि सोडायचे असतील तर तिहेरी गळाचे काटे पकडीने चेपून टाकावेत. रे स्कॉटने १९७२ पासून स्पर्धांत पकडलेले बास जिवंत सोडण्याचा आग्रह धरला. आधी हसलेले लोक नंतर तेच करू लागले. सोडलेला प्रत्येक मासा जगतो असे मात्र समजू नये. मे महिन्याच्या गरम पाण्यात दमवून, कोरड्या हाताने धरून, फोटो काढून सोडलेला मासा पोहत जातो आणि नंतर मरतो.

जाळेवाल्यांशी नाते हा त्याहून नाजूक भाग. ज्याचे घर पाण्यावर चालते त्याच्या जाळ्याजवळ छंद म्हणून गळ फेकणे हा अडाणीपणा आहे. तिहेरी गळ नायलॉनच्या जाळ्यात अडकला की त्याचा दिवस बुडतो. जलाशयातल्या मासेमारीचे हक्क ज्यांच्याकडे असतील त्यांची आणि मत्स्यव्यवसाय खात्याची परवानगी आधी घ्यावी. हिप्परग्याच्या तलावावर अलीकडे रीळवाली पोरे दिसतात, त्यांनाही हेच सांगणे. सिद्धेश्वर तलावाच्या काठी काठी घेऊन जाऊ नये, हे सोलापूरकराला सांगावे लागू नये.

होडीतून जाणाऱ्यांनी जीवरक्षक जाकीट घालावे. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. उजनीचा वारा काही मिनिटांत पाणी बदलतो, आणि तो बदलतो नेमका वळवाच्या दिवसांत, पातळी उतरलेली असते तेव्हा.

पुस्तकातली प्रकरणे क्रमाने वाचायची गरज नाही. ज्याला वस्तू हातात घेऊन कळते त्याने ओठाच्या कोनांचे प्रकरण आधी वाचावे. सागवान जड पडते, शेवरीचे लाकूड हलके आहे, पांगाराही चालतो, आणि सोलापुरात सुतारांची वाण नाही. ज्याला इतिहासाची ओढ आहे त्याने मत्स्यविनोदापासून सुरुवात करावी. दोघांनीही ‘तळ’ हे प्रकरण वगळू नये, आणि ते घरात बसून वाचू नये. धरण उणे पातळीत गेले, की एप्रिल-मेमध्ये सकाळी उघड्या जमिनीवर उतरावे, सोबत त्या गावचा एखादा वयस्क माणूस न्यावा. भेगाळलेल्या मातीवर चालावे, ओल्या गाळाच्या कडेला जाऊ नये. वर खपली धरलेली असते आणि खाली माणूस कमरेपर्यंत जातो. विहिरीचा कठडा, बांधाची वळणे, ओढ्याचे जुने पात्र, खुंटांची रांग, मुरमाचा उंचवटा हे वहीत काढावे आणि काठावरच्या न हलणाऱ्या खुणांशी, देवळाच्या शिखराशी किंवा विजेच्या मनोऱ्याशी, जोडून ठेवावे. मोबाइलमध्ये खुणा टिपल्या तरी चालतील, वही मात्र असावी. त्या दिवशीची पातळी वर्तमानपत्रातून उतरवून घ्यावी, म्हणजे पाणी आल्यावर कुठला बांध किती खोल गेला हे वजाबाकीने काढता येईल. दिवाळीनंतर पाणी निवळले की आखूड ओठाचा एक आणि लांब ओठाचा एक, असे दोनच मासे घ्यावेत, सुरुवातीला त्यांचे गळ काढून ठेवावेत, आणि वहीतला पहिला बांध सापडेपर्यंत फेकत राहावे.